मुलींनी आयसीयू मागून घ्यावं

प्रश्न : मी बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वर्गात मुलगे मोजकेच, पण त्यांचं सगळं ठरलेलं: आयसीयू, नॉरसेट (एम्सची नर्सिंग ऑफिसर भरती परीक्षा), मग परदेश. आम्हाला घरून एकच सांगणं, 'नोकरी लागली की लग्न.' मला एम.एस्सी. करायचंय. मॅडम, मुली मागे का पडतात?
– एक वाचक, लातूर

उत्तर : नोकरीच्या दारात पारडं तुझ्याच बाजूला आहे, हे आधी लक्षात घे. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत २०१९ मध्ये ८० टक्के जागा स्त्रियांना आणि २० टक्के पुरुषांना असं ठरलं. पुण्याच्या ए.एफ.एम.सी.त, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, बी.एस्सी. नर्सिंगला फक्त मुलींनाच प्रवेश. त्यामुळे मुलगे पहिल्या वर्षापासून तयारीला लागतात. जागा कमी आहेत, हे त्यांना ठाऊक असतं.

दुसरं कारण वॉर्डातलं. मी ट्यूटर असताना हे सतत पाहिलंय. लेबर रूममध्ये ब्रदर (पुरुष नर्स) नको, असं नातेवाईक म्हणतात, म्हणून मुलाची पोस्टिंग कॅज्युअल्टीत, ऑर्थोत, आयसीयूत. तिथे व्हेंटिलेटर आणि शिरेतून औषध सोडणाऱ्या इन्फ्युजन पंपावर त्याचा हात बसतो, आणि पुढे मोठ्या रुग्णालयांत, परदेशात नेमका हाच अनुभव विचारतात. मुलीला मात्र गायनिक आणि पेडियाट्रिक. ते काम कमी दर्जाचं मुळीच नाही. बाळंतिणीचा रक्तस्राव वेळेत ओळखणारी सिस्टर जीव वाचवते. पण तेवढ्यावरच तुझी ड्युटी थांबू नये. इंटर्नशिपला आयसीयू पोस्टिंग स्वतः माग, लेखी माग. रात्रपाळीला घरचे नाही म्हणाले, तर आईला एकदा हॉस्टेलवर आणून वॉर्डन मॅडमशी बोलू दे.

एम.एस्सी.चं म्हणशील, तर बेसिक बी.एस्सी.नंतर किमान एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो. नेमकं तेच वर्ष आपल्याकडे मुलीच्या लग्नाचं! याचा मला फार राग येतो. अभ्यासात पुढे असलेल्या मुली तिथेच थांबलेल्या पाहिल्यात. म्हणून स्थळं बघायला सुरुवात होण्याआधीच बाबांना सांग, 'एक वर्ष नोकरी, मग एम.एस्सी., लग्नाचं त्यानंतर बोलू.' मुलगा पसंत पडला, तर त्यालाही हेच सांग.

लग्नानंतर नाव बदलायचं झालं, तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि पासपोर्ट यांवर एकच नाव ठेव. अनुभवाचं प्रमाणपत्रही त्याच नावाने घे. परदेशी अर्जाच्या पडताळणीत नावातला फरक महिनोन्‌महिने अडकवतो.