ऱ्होड्स या ग्रीक बेटावर दोनच दिवस असताना कामिरॉसच्या प्राचीन नगराचे अवशेष बघायला जावं का? तिथं म्हणे नुसते दगडच उरलेत.

जावं. लिंडोस हे बेटावरचं दुसरं जुनं गाव अर्ध्या दिवसात होतं, उरलेला अर्धा दिवस कामिरॉसला द्या.

एवढं सांगून थांबणार होते, पण प्रश्नातलं ते ‘नुसते दगड’ वाचलं आणि राहवेना. हे वाक्य माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांचं आहे. त्यावरून आमच्यात दोन परक्या देशांत भांडणं झाली आहेत आणि तिसरं दर दिवाळीला फराळाच्या ताटावर होतं.

लिंडोस वाईट नाहीच. पांढरी घरं, निळं पाणी, वर अथेनाचं देऊळ, चढणीच्या पायथ्याशी कातळात कोरलेला जहाजाचा मागचा भाग. फोटो झकास येतात. पण ती जागा कधी ओस पडली नाही. मध्ययुगात सेंट जॉनच्या सरदारांनी, म्हणजे ख्रिस्ती लढवय्यांच्या एका धर्मसंघाने, टेकडीवर किल्ला चढवला, खाली आजही गाव नांदतंय, त्यामुळे जुनं ग्रीक नगर कसं होतं हे तिथं डोळ्यांसमोर येत नाही. कामिरॉस सोडून लोक निघून गेले, आणि म्हणूनच ते शाबूत राहिलं. इ.स.पू. ४०८ मध्ये लिंडोस, इयालिसॉस आणि कामिरॉस या तिघांनी मिळून बेटाच्या उत्तर टोकाला ऱ्होड्स हे नवं शहर वसवलं, आणि सगळा तोरा हळूहळू तिकडे गेला. इ.स.पू. २२६ च्या सुमाराला मोठा भूकंप झाला. कोलोसस हा तो प्रसिद्ध अजस्र पुतळा ज्यात पडला, तोच. त्यात कामिरॉसही कोसळलं. लोकांनी परत बांधलं, आज दिसतं ते बरंचसं त्या वेळचं. पुढे कधीतरी गाव उठलं, वर माती चढली, आणि थेट एकोणिसाव्या शतकात साल्झमान आणि बिलियोटी हे दोघं तिथल्या थडग्यांत खणायला लागेपर्यंत कुणी त्रास दिला नाही. (त्यांना सापडलेला ऐवज बघायचा तर लंडन गाठा. ट्रॉयच्या युद्धातले हेक्टर आणि मेनेलाओस एका मेलेल्या वीरासाठी झुंजताहेत ती रंगवलेली थाळी इथलीच, ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.) गाव मोकळं केलं ते इटालियन लोकांनी, १९२८ नंतर. बेट तेव्हा त्यांच्या ताब्यात होतं.

मग आता दिसतं काय? समुद्राकडे उतरत जाणारी एक टेकडी आणि तिच्यावर अख्ख्या गावाचा आराखडा. खाली देऊळ, चौक, वेद्या. मधून सरळ वर चढणारा रस्ता, दोन्हीकडे घरांचे जोते, त्यांतल्या खोल्या, अंगणं, बोळ. अगदी वर अथेनाचं देऊळ आणि २०० मीटर लांबीच्या ओसरीचा पाया. या ओसरीच्याही आधीची, इ.स.पू. सहाव्या शतकातली पाण्याची टाकी तिथंच आहे. आत उतरायला पायऱ्या, भिंतींना गिलावा, मावायचं ६०० घनमीटर. तीनचारशे कुटुंबांचं पाणी.

भावोजींना अख्ख्या कामिरॉसमध्ये आवडली ती एवढी टाकी. त्यांनी आमच्या सोसायटीचं सेक्रेटरीपद वर्षानुवर्षं केलंय, पाणी म्हटलं की त्यांचे कान टवकारतात. “सहा लाख लिटर म्हणजे दहा हजारवाले साठ टँकर. चारशे घरं धरली तर घरामागे दीड हजार. एवढ्यात उन्हाळा काढायचे? धुणीभांडी समुद्रावर करत असणार.” मी म्हटलं, भावोजी, हा प्रश्न तुम्हाला पडला ना, झालं तर मग! याचसाठी यायचं इथं. यावर ते म्हणाले, “टाकी ठीक आहे. बाकी नुसते दगडच की. कोण राहिलंय आता इथं?”

हे ऐकून माझं डोकं फिरलं, कारण त्याआधी जपानमध्ये त्यांची तक्रार नेमकी उलटी होती.

भाची पुण्यात जपानी शिकली. शिकताना जी गाणी, जे सिनेमे बघून झाले, त्यांत २००४ चा ‘सेकाई नो चूशिन दे, आइ ओ साकेबु’ हा एक. हायस्कुलातल्या प्रेमाचा सिनेमा. १९८६ साल, साकू आणि आकी वॉकमनच्या कॅसेटवर बोलून त्या एकमेकांना देतात, चिठ्ठ्यांऐवजी. मग आकीला रक्ताचा कर्करोग होतो. तिला ऑस्ट्रेलियाला, उलुरू या प्रचंड खडकापाशी जायचं असतं, आणि विमानतळावर पोचतात तेव्हा वादळामुळे विमानं बंद. पुढचं तुम्ही ओळखलं असेल. ज्या कादंबरीवर तो बेतलाय तिच्या तीस लाखांवर प्रती खपल्या, म्हणजे रडणारी आमची भाची एकटी नव्हती. सिनेमा काही निर्दोष नाही. दोन तासांच्या वर जातो, मोठेपणीच्या साकूचा भाग मला रेंगाळलेला वाटतो, आणि तो वादळाचा प्रसंग जरा जास्तच पिळलाय. पण कॅसेट ऐकतानाचे त्या पोरांचे चेहरे खरे आहेत.

तर चित्रीकरण झालं शिकोकू बेटावरच्या आजी नावाच्या गावात, आता ते ताकामात्सू शहरात मोडतं. भाचीला तिथं जायचंच होतं. भावोजींचं म्हणणं, त्या दिवसात क्योतोची दोन देवळं झाली असती. शेवटी ताई मध्ये पडली आणि आम्ही सगळे बसने आजीला गेलो. मासेमारीचं छोटं बंदर, लाटा अडवणारा लांब बंधारा, वरच्या देवळापाशी झोपाळा. सिनेमातला फोटो स्टुडिओ हा सेट होता, तो पाडून नंतर परत उभारलाय आणि आत कॅफे आहे. भाची हेडफोन लावून बंधाऱ्यावर जाऊन बसली. बाप मागे उभा राहून मला ऐकू येईल अशा आवाजात, “हे बंदर बघायला आपलं हर्णै काय वाईट होतं? न झालेल्या माणसांसाठी पोरगी रडतेय. त्यापेक्षा खरा इतिहास बघावा.”

गंमत म्हणजे आजी हे दगडाचंच गाव. तिथला बारीक कणांचा ग्रॅनाइट जपानभर नावाजलेला आहे, थडग्यांचे दगड आणि देवळातले दगडी दिवे त्याचे घडवतात. शेजारच्या मुरेमध्ये शिल्पकार इसामु नोगुची यांची कार्यशाळा होती, आता संग्रहालय आहे. भावोजींनी त्या दगडांचा मात्र भाव विचारला.

म्हणजे बघा. जपानमध्ये माणसं खोटी म्हणून वेळ वाया. ग्रीसमध्ये माणसं खरी, पण मेलेली, म्हणून वेळ वाया. मी त्या टाकीपाशीच विचारलं, मग तुम्हाला बघायचंय तरी काय? त्यांचं उत्तर होतं, “जेवायचं कुठे ते बघू.”

मला विचाराल तर जागेत आपण काय घेऊन जातो त्यावर सगळं आहे. ज्याला साकू-आकी ठाऊक नाहीत त्याला आजीचा बंधारा म्हणजे काँक्रीट. ज्याला कामिरॉसच्या एकाही माणसाचं नाव ठाऊक नाही त्याला ते जोते म्हणजे अर्धवट सोडलेलं बांधकाम. आणि कामिरॉसच्या निदान दोन माणसांची नावं आपल्याला कळू शकतात. त्यासाठी ऱ्होड्स शहरातल्या पुरातत्त्व संग्रहालयात जा, सरदारांच्या जुन्या इस्पितळाच्या इमारतीत आहे. तिथं कामिरॉसच्या दफनभूमीत सापडलेली एक संगमरवरी शिळा आहे, इ.स.पू. पाचव्या शतकाच्या शेवटाकडची. क्रितो आणि तिमारिस्ता. नावं वर कोरलेली आहेत. तिमारिस्ता ही आई, ती गेलेली. मुलगी क्रितो तिला बिलगलीय, मान खाली, केस कापलेले. सुतकात ग्रीक बायका केस कापत. आईचा हात मुलीच्या मानेमागून खांद्यावर आलाय.

भाची तिथून हलेना. सिनेमातल्या आकीचेही आजारात केस जातात, त्यासाठी मासामी नागासावा या नटीने खरंच डोकं भादरून घेतलं होतं. पोरीला ते आठवलं असणार, मी विचारलं नाही. संगमरवरातल्या मुलीला काय झालंय हे तिला पाटी न वाचता समजलं होतं, एवढं मी बघितलं. रडूबाई सिनेमे बघून पोरं बिघडतात म्हणणाऱ्यांनी हे बघायला हवं होतं. भावोजी तेव्हा बाहेर कॉफी पीत होते, तिकिटाचे पैसे वाचवून.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी संग्रहालय, मग कामिरॉस. आम्ही उलटं केलं, त्यामुळे वरच्या घरांमधून चालताना क्रितो यातल्या कुठल्या बोळातून आली-गेली असेल हा विचारच करता आला नाही.

आता ज्या गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या. सावली जवळजवळ नाही, उन्हाळ्यात जात असाल तर सकाळी दार उघडताच पोचा, पाणी जवळ ठेवा. सगळा चढ आहे, गुडघेदुखी असेल तर खालच्या चौकातून वर बघून समाधान माना, तेही बरंच दिसतं. बाबागाडी नेऊ नका. शहरापासून साधारण ३५ किलोमीटर पश्चिम किनाऱ्याने, बस कमी, गाडी भाड्याने घेतलेली बरी. आणि क्रूझवरून सात-आठ तासांसाठीच उतरणार असाल तर माझं वरचं सगळं विसरा, जुनं शहर आणि संग्रहालय एवढंच करा.

बरोबर भावोजींच्या जातकुळीतलं कुणी असेल तर त्याला लिंडोसच्या किनाऱ्यावर खुर्ची भाड्याने घेऊन द्या आणि संध्याकाळी घ्यायला जा. टाकीचं मात्र त्याला सांगू नका, नाहीतर घरी येऊन सोसायटीच्या मीटिंगमध्ये तेच उदाहरण देतो, आणि तेही स्वतःच शोधून काढल्यासारखं.