नऊ गावांची यादी अर्धी कर

अनेक आशीर्वाद.

तुझी एक्सेल शीट पाहिली. क्रोएशिया, मॉन्टेनेग्रो, अल्बेनिया. बारा दिवसांत नऊ गावं. रंगबिंग छान भरलेस, पण त्यात सीमा कुठेच नाहीत. या किनाऱ्यावर गावं नंतर ठरवायची, आधी सीमा कुठून आणि कोणत्या कागदावर ओलांडणार ते ठरवायचं.

क्रोएशिया २०२३ च्या १ जानेवारीपासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात आहे. बाकीचे दोन देश बाहेर, पण चालू शेंगेन व्हिसा असला की भारतीयांना वेगळा व्हिसा मागत नाहीत. मेख अल्बेनियाची आहे. त्यांना मल्टिपल एंट्रीचाच व्हिसा लागतो, तोही आधी एकदा वापरलेला. म्हणजे आधी क्रोएशिया, शेवटी अल्बेनिया, हाच क्रम. तू नेमका उलटा लावलायस. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी त्या त्या देशाच्या परराष्ट्र खात्याच्या साइटवर स्वतः बघ. एजंट ‘होऊन जाईल’ म्हणाला तर ते धरून चालू नकोस. विमा घेतानाही बघ, नुसता शेंगेनपुरता घेतलास तर मॉन्टेनेग्रोतल्या कोटोरला पाय मुरगळल्यावर काही उपयोग नाही.

विमान क्रोएशियातल्या स्प्लिटला उतरणारं आणि अल्बेनियातल्या तिरानाहून परतणारं घे. आल्या वाटेने मागे जायचा एक अख्खा दिवस वाचतो.

आता कात्री. क्रोएशियात स्प्लिट आणि दुब्रोवनिक, मग कोटोर, शेवटी अल्बेनियात बेरात, बस्स. स्प्लिटमध्ये डायोक्लेशियन या रोमन सम्राटाचा राजवाडा आहे, इसवी सन ३०५ च्या सुमाराचा. त्याचं म्युझियम झालेलं नाही. त्याच्या भिंतींच्या आत लोक आजही राहतात, खिडक्यांतून कपडे वाळत घालतात. तिथे तीन रात्री राहा. एक दिवस त्रोगिरला जाऊन ये.

स्प्लिट ते दुब्रोवनिक बसने जा, कारण दुब्रोवनिकला रेल्वेच नाही. पूर्वी वाटेत बोस्नियाचा किनारपट्टीचा चिंचोळा तुकडा लागायचा आणि दोनदा पासपोर्ट दाखवावे लागायचे. २०२२ मध्ये पेल्येशाचचा पूल झाला आणि त्यावरून बाहेरच्या बाहेर जाता येतं. तिकीट काढताना बस कुठल्या रस्त्याने जाते ते विचार.

दुब्रोवनिक महाग आहे. तटबंदीवर फिरायचं तिकीटच ४० युरोच्या घरात. तरी ते काढ, आणि सकाळी दार उघडताच चढ; क्रूझची गर्दी उतरली की वर नुसती रांग सरकते. वरून छपरं नीट बघ. जुनी कौलं फिकट, नवी भडक नारिंगी. १९९१-९२ च्या वेढ्यात किती छपरं गेली ते त्या रंगांवरूनच कळतं. वेशीवर संत व्लाहोची मूर्ती दिसेल. आपल्या गोव्यात, कुंभारजुव्याजवळच्या गवंडाळीत याच संताचं, सेंट ब्लेझचं चर्च आहे. दुब्रोवनिकच्या व्यापाऱ्यांनी ते बांधलं असं सांगतात. जाण्याआधी तेही बघून ये, पणजीहून लांब नाही.

पुढची, मॉन्टेनेग्रोत शिरतानाची सीमा वेळखाऊ. बरेचदा बसमधला माणूस सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करून नेतो, आणि आपल्या निळ्या पासपोर्टाशी हमखास जास्त वेळ घालवतो. हॉटेल बुकिंग, परतीचं तिकीट, विमा, सगळं छापून वरच्या कप्प्यात ठेव. नाणीही जवळ असू देत, डिकीत बॅग टाकायचे वेगळे पैसे घेतात. सीमा ओलांडली की क्रोएशियाचं सिम बहुधा बंद पडेल, म्हणून नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घे. जुलै-ऑगस्टमध्ये या नाक्यावर तासन्‌तास जातात. तुला मेमध्ये सुट्टी मिळतेय ना, मग प्रश्नच नाही.

कोटोरला किल्ल्याच्या १३५० पायऱ्या आहेत. रायगड चढणाऱ्या मुलीला मी काय सांगणार? ऊन उतरल्यावर जा, एवढंच. रात्री जुन्या गावातच राहा, मात्र खोली वरच्या मजल्यावरची घे, खालचे बार उशिरापर्यंत चालतात. तिथून अल्बेनियाच्या बस कमी असतात, वेळापत्रक नेटवर न बघता स्टँडवर जाऊन विचार. अल्बेनियात ‘लेक’ हे तिथलं चलन चालतं आणि रोखीचाच व्यवहार जास्त.

खाण्याची काळजी आईला वाटतेय, तिला सांग: बेकरीत चीज भरलेला पापुद्र्यांचा बुरेक मिळतो आणि दाल्मेशियात, म्हणजे क्रोएशियाच्या त्या किनाऱ्यावर, ‘ब्लिट्वा’ मागितलंस की पालकासारखी पालेभाजी, बटाटा, लसूण, वर ऑलिव्हचं तेल. शेंगदाण्याची चटणी मात्र घेऊन जा.

व्हिसाची अपॉइंटमेंट या आठवड्यातच बघ, उन्हाळ्याआधी तारखा मिळत नाहीत. मग सुधारलेली शीट पाठव.

तुझा,
काका