नस मोजायला बसताय? आधी मनगट पक्कं करा

अल्ट्रासाउंडवर निरोगी माणसांच्या नसांचं (म्हणजे मज्जातंतूंचं, रक्तवाहिन्यांचं नव्हे) क्षेत्रफळ मोजायचं असेल, तर सुरुवात फक्त मीडियन नसेपासून करा, म्हणजे मनगटाच्या मधून तळहातात जाणाऱ्या नसेपासून. पायाच्या नसांची घाई नको. १२ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून जास्त क्षमतेचा लिनियर प्रोब (त्वचेवर टेकवायचा सपाट तोंडाचा सेन्सर) घ्या. मनगटात करंगळीच्या बाजूला असलेल्या पिसिफॉर्म हाडाच्या पातळीवर आडवा छेद घ्या.

नवशिके सगळ्यात जास्त फसतात ते स्नायुबंधात (टेंडनमध्ये), कारण तोही गोलच दिसतो. प्रोब किंचित कलवा: स्नायुबंध लगेच काळवंडतो, नस बरीचशी तशीच दिसते. तरी शंका उरली तर बोटं हलवायला सांगा, स्नायुबंध सरकताना स्पष्ट दिसतो. खात्री पटेपर्यंत मोजू नका.

मोजताना:
- जेल भरपूर, दाब जवळजवळ शून्य. दाबलं की नस चपटी होते.
- प्रोब नसेला काटकोनात. तिरका छेद क्षेत्रफळ फुगवतो.
- रेघ पांढऱ्या कडेच्या आतून काढा. बाहेरून काढली तर निरोगी नसही सुजलेली ठरते.
- प्रोब उचलून तीनदा मोजा, सरासरी घ्या.

मनगटाशी साधारण १० चौ. मिमीच्या आत आकडा अपेक्षित आहे.

आणि 'निरोगी' कोण, हे नीट विचारा. नाशिकमध्ये द्राक्षबागेत छाटणीची कात्री चालवणारे बरेच भेटतील; त्यांची ही नस आधीच दबलेली असू शकते. रात्री हाताला मुंग्या येतात का, मधुमेह आहे का, हे आधी नोंदवा. उंची-वजनही लिहा. डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी) नंतर बघू.