इंग्लंडहून फ्रान्सच्या आल्प्समध्ये हिवाळ्याच्या सुट्टीला जायचंय, स्वतःची गाडी न्यावी की विमानाने जावं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही चौघं, मुलं सहा आणि दहा वर्षांची, राहता लंडनच्या जवळ, डिसेंबरच्या शेवटी आल्प्समध्ये उंचावर असलेल्या व्हाल तोराँस गावात सात रात्रींचं बुकिंग झालंय आणि आता घरात रोज एकच चर्चा, गाडी काढायची की जिनिव्हाची तिकिटं. आम्ही दोन्ही केलंय, तीनदा गाडीने आणि दोनदा विमानाने, म्हणून जरा सविस्तरच सांगते.

सगळे जण पेट्रोल, टोल आणि तिकिटं असा हिशोब मांडून बसतात. तो मांडा जरूर, पण माझ्या मते खरा प्रश्न शेवटच्या चाळीस किलोमीटरचा आहे. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कॅलेपासून आल्प्सच्या पायथ्यापर्यंत साधारण ९०० किलोमीटर सरळ मोटरवे आहे, ते कोणीही चालवेल. पण खालचं मुतिए गाव जेमतेम ५०० मीटर उंचीवर आणि व्हाल तोराँस २३०० मीटरवर, मधला घाट ३७ किलोमीटरचा. खाली पाऊस भुरभुरत असतो आणि वर जाता जाता त्याचा बर्फ कधी झाला ते कळतही नाही. तेव्हा स्टिअरिंगवर कोण असणार, किती तास चालवून आलेलं असणार आणि उजेड असणार की अंधार, हे आधी ठरवा.

आम्ही पहिल्या वेळी एका दमात गेलो. पहाटे तीनला निघालो, इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या फोकस्टनहून गाडीसकट समुद्राखालच्या बोगद्याच्या ट्रेनमध्ये बसलो (पलीकडे पोचायला ३५ मिनिटं, फेरीबोटीला दीड तास लागतो आणि समुद्र खवळला की बोट लटकते), फ्रान्सचं घड्याळ एक तास पुढे म्हणून तो तास तिथेच गेला, आणि घाटाच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा रात्रीचे साडेसात वाजले होते, बर्फ सुरू, पुढच्या गाड्या बाजूला घेऊन लोक चाकांना बर्फात न घसरण्यासाठीची चेन लावतायत. आमची चेन नवीकोरी पिशवीत, एकदाही उघडलेली नाही. नवरा टॉर्च धरून उभा, मी गुडघ्याखाली गाडीतलं रबरी मॅट घेऊन चाकाशी, हातमोजे घातले तर चेनचा हूक पकडता येत नाही आणि काढले तर बोटं बधिर. चाकाच्या मागच्या बाजूची कडी हाताने चाचपूनच अडकवावी लागते, दिसत काही नाही. पाऊण तास गेला. दुसऱ्या वर्षी निघायच्या आधी घरासमोर कोरड्यात चार वेळा लावून-काढून बघितली, तेव्हा घाटात दहा मिनिटांत काम झालं. म्हणून गाडीने जाणार असाल तर हा सराव कराच, माझी ही एवढी एक गोष्ट तरी ऐका.

आणि चेन ही हौस नाही, कायदा आहे. १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात फ्रान्सच्या डोंगराळ भागात चारही चाकांना हिवाळी टायर तरी हवेत नाहीतर गाडीत चेन किंवा टायरवर चढवायचे कापडी मोजे तरी हवेत. आता टायरवर डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह लागतं, नुसतं एम प्लस एस (म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं चालत नाही, २०२४ च्या नोव्हेंबरपासून ती सवलत संपली. इंग्लंडमध्ये बहुतेकांच्या गाडीला उन्हाळी टायरच असतात, त्यामुळे तुम्हाला चेन घ्यावीच लागेल असं धरून चाला. इंजिन पुढची चाकं फिरवत असेल तर चेन पुढे, मागची फिरवत असेल तर मागे. शिवाय लाल त्रिकोण, चमकणारं जाकीट (ते डिकीत नको, हाताशी हवं), हेडलाइटवर चिकटवायचे स्टिकर आणि मागे यूके लिहिलेला स्टिकर, जुना जीबीवाला आता चालत नाही.

थंडीचं अजून एक. काच धुवायचं पाणी इंग्लंडमधलं पातळ करून भरलेलं असेल तर ते गोठतं. रस्त्यावर मीठ टाकलेलं असतं, पुढच्या ट्रकमागून त्याचा चिखल काचेवर उडतो, वायपर तो सारवून पांढरा पडदा करतो आणि तुम्ही बटण दाबताय तर फवारा येतच नाही. आमचं वाटेतल्या दिजाँ शहराच्या पुढे असं झालं, बाजूला थांबून बाटलीतलं पाणी ओतत ओतत पुढचा पेट्रोल पंप गाठला. उणे वीस अंशांपर्यंत न गोठणारं भरूनच निघा. डिझेल गाडी असेल तर वर चढायच्या आधी तिथल्याच पंपावर टाकी भरा, तिथलं हिवाळी डिझेल जास्त थंडीसाठी बनवलेलं असतं. वर हँडब्रेक ओढून ठेवू नका, गोठून अडकतो, गिअरमध्ये ठेवा. आणि तसंही व्हाल तोराँसमध्ये सामान उतरवलं की गाडी पार्किंगमध्येच ठेवायची असते, आठवडाभर हलत नाही, जागा आधी बुक करून ठेवा.

टोलचं मशीन डावीकडे आणि तुम्ही बसलेले उजवीकडे, त्यामुळे शेजारच्याला खिडकीतून अर्धं बाहेर वाकावं लागतं. काचेवर लावायचा टॅग आधी मागवलात तर हा ताप नाही.

आता विमान. तास-दीड तासाचा प्रवास ऐकायला छान वाटतो, पण घर ते विमानतळ, दोन तास आधी पोचणं, मग जिनिव्हाहून वर जायला निदान अडीच तास, आणि शनिवारी तर विचारू नका, कारण तिथली घरं शनिवार ते शनिवार भाड्याने जातात आणि सगळी दरी एकाच दिवशी भरते आणि रिकामी होते. एकदा आमची मुलांच्या जाड कपड्यांची बॅगच आली नाही, तिसऱ्या दिवशी मिळाली, तोवर मुलगी माझं जाकीट घालून फिरली. पण विमानाची एक बाजू मला मनापासून पटते, घाट चढवणारा ड्रायव्हर रोजचा सरावाचा असतो आणि तुम्ही मागे मुलांना धरून निवांत बसता. ही काही छोटी गोष्ट नाही.

तुमचा पासपोर्ट भारतीय असेल तर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) दोन्हीकडे लागतोच, आणि विमान जिनिव्हाला, म्हणजे स्वित्झर्लंडमध्ये उतरत असलं तरी मुक्काम फ्रान्समध्ये आहे तर अर्ज फ्रान्सकडेच करायचा, यात लोक चुकतात. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटोची नवी नोंदणीही सुरू झालीय, गाडीने जाताना ती फोकस्टनलाच होते, तेवढा वेळ हाताशी ठेवा. आणि गाडीत जागा आहे म्हणून घरचं तूप, पनीर, दूध भरून नेऊ नका, ब्रिटनमधून युरोपात दूध-मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. डाळ-तांदूळ-मसाले खुशाल न्या.

तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं? चौघं, सात रात्री, एवढं सामान आणि तुम्ही दोघंही गाडी चालवता, तर मी गाडीच काढली असती, पण एका दमात अजिबात नाही. शुक्रवारी सकाळी निघून रात्री दिजाँ किंवा फ्रान्समधल्याच बोन गावी मुक्काम, शनिवारी अंधार असतानाच उठून दुपारच्या आत घाट चढायचा. फ्रान्स सरकारचा बिझाँ फ्युते नावाचा रहदारीचा अंदाज असतो, हिरवा, नारिंगी, लाल, काळा असे चढत्या गर्दीचे रंग देतात, त्या शनिवारी काळा दिसला तर रविवारी चढा, एक रात्र वाया गेली तरी चालेल. मात्र दोघांपैकी एकच चालवणारं असेल, किंवा चेनचा सराव करायला वेळच नसेल, तर दुसरा विचार न करता तिकिटं काढा आणि वर जायच्या गाडीचं बुकिंग त्याच दिवशी करून टाका, शेवटच्या आठवड्यात मिळत नाही.

आज रात्री एक काम करा, टायरच्या कडेला २०५/५५ आर १६ असा काहीतरी आकडा कोरलेला असेल तो लिहून घ्या आणि गाडीच्या पुस्तकात त्या टायरवर चेन चालते का ते बघा, काही गाड्यांना चालतच नाही. आकडा मला कळवलात तर कुठली चेन बसेल ते सांगते.