खरं बोलणाऱ्याला लाय डिटेक्टरची भीती कशाला?

कारण ते यंत्र खोटं पकडतच नाही. दंडाला पट्टा, बोटांना तारा. मोजतं ते श्वास, नाडी, रक्तदाब, घाम. ‘पैसे तू घेतलेस ना?’ असं विचारल्यावर निरपराध माणसाचीही छाती धडधडणारच!

समजा, चाचणी ९० टक्के अचूक आहे (इतकीही खात्री नाही). १००० कामगारांत १० चोर असतील, तर ९ सापडतील आणि ९९ निर्दोषही अडकतील. त्यांची नोकरी, घरातली पत कोण परत देणार? शिवाय सुटलेल्या चोराला निर्दोषपणाचा दाखलाच मिळतो.

२०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय नार्को (औषध देऊन गुंगीत चौकशी), पॉलिग्राफ (म्हणजेच लाय डिटेक्टर), ब्रेन मॅपिंग (मेंदूच्या लहरींची तपासणी) करणं घटनाबाह्य ठरवलं. म्हणून सांगतो, वकिलाला विचारल्याशिवाय संमतीवर सही करू नका.