माटिल्डा या नावाचा अर्थ आणि मूळ

जर्मनीत जन्मलेल्या तुमच्या भाचीचं नाव माटिल्डा ठेवलंय आणि एका ॲपवर त्याचा अर्थ 'रणरागिणी' असा दिलाय. आजीला तोच सांगू का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, तसा सांगू नका.

नावाचे तुकडे दोन. 'माख्ट' म्हणजे बळ, सत्ता. आजच्या जर्मनमध्येही हा शब्द रोजच्या वापरात आहे. 'हिल्ड' म्हणजे लढाई. ('माख्ट'चं नातं आपल्या 'महत्'शी जोडायचा मोह आवरा, मुळं वेगळी आहेत. 'महत्'चा खरा भाऊबंद म्हणजे इंग्रजीतला 'मच'.) पण म्हणून 'लढाईत बलवान ती' असा समास सोडवायला बसू नये. जुन्या जर्मानिक (म्हणजे जर्मन, इंग्रजी यांच्या पूर्वज भाषा बोलणाऱ्या) समाजात नावांसाठी ठरावीक शब्दांचा साठा असे आणि त्यातले शब्द घराण्यात फिरत राहत. १०९५ मध्ये वारलेले इंग्लंडातल्या वूस्टरचे बिशप वुल्फस्टन यांचंच बघा. आई वुल्फगिफू, वडील एथेलस्टन. आईकडून 'वुल्फ' आला, वडिलांकडून 'स्टन'. एक लांडगा, दुसरा दगड! यातून गुणवर्णन काय काढणार? ते नाव सांगतं ते मूल कोणाचं एवढंच. हिल्डेगार्डच्या नावातही तीच लढाई आहे, आणि बिंगेनच्या त्या प्रसिद्ध हिल्डेगार्डचं आयुष्य मठात गेलं.

माटिल्डा नावाला प्रतिष्ठा आली ती राजघराण्यांमुळे. जर्मन राजा पहिला हाइनरिख याची राणी, सम्राट पहिल्या ओटोची आई, संत माटिल्डा ९६८ मध्ये वारली. क्वेडलिनबुर्गला तिची समाधी आहे आणि १४ मार्चला तिचा स्मरणदिन असतो. पुढे इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम द कॉंकररच्या फ्लँडर्सहून आलेल्या राणीबरोबर नाव इंग्लंडात पोचलं आणि तिथे इतकं रुजलं की ११४१ च्या यादवीत दोन्ही बाजूंना माटिल्डाच होत्या. एकीकडे गादीवर हक्क सांगणारी सम्राज्ञी माटिल्डा. तिच्या पक्षाने इंग्लंडचा राजा स्टीफन याला लिंकन गावी कैद केलं. दुसरीकडे स्टीफनची राणी, तीही माटिल्डा! तिने फौज उभी केली, आणि सम्राज्ञीचा सावत्रभाऊ रॉबर्ट विंचेस्टरजवळ पकडला गेल्यावर त्याच्या बदल्यात नवरा सोडवून आणला. मला हा प्रसंग फार आवडतो. भाची मोठी झाली की तिला जरूर सांगा.

इंग्रजी पुस्तकांत हीच सम्राज्ञी 'मॉड' म्हणून भेटली तर गोंधळू नका. दस्तऐवजात 'माटिल्डा' हे लॅटिन रूप लिहीत, बोलण्यात 'मॉड' हे फ्रेंच वळणाचं झिजलेलं रूप चाले. पोर्तुगालच्या पहिल्या राजाची राणी माफाल्डा हीही मुळात माटिल्डाच. पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आलेल्या फर्नांडिस, रॉड्रिग्ज या आडनावांतही असेच जर्मानिक तुकडे आहेत.

आजीला 'बळ' आणि 'लढाई' असे दोन शब्द सुटे सांगा, आणि संत माटिल्डाची गोष्ट सांगा. उच्चारात जोर मधल्या 'टिल'वर येतो. लाडाने हाक मारायला टिल्डा किंवा टिली, दोन्ही तिकडे चालतात.