ड्रायव्हर नसलेल्या टॅक्सीत खासगी फोन करावा का?

तुमचा प्रश्न असा: ड्रायव्हरच नाही म्हटल्यावर गाडीत मोकळेपणाने फोनवर बोलावं, की आतला कॅमेरा सगळं टिपत असतो?

थोडक्यात सांगायचं तर कॅमेरा बघतो, माइक सहसा ऐकत नाही. वेमो ही या धंद्यातली मोठी कंपनी. तिचं म्हणणं असं की आतले कॅमेरे प्रवासात चालू असतात, माइक मात्र तुम्ही मदतकक्षाशी बोलत असाल तेवढ्यापुरताच. कॅमेऱ्याची कारणंही पटण्यासारखी आहेत. कोणी छत्री विसरलं, सीटवर काही सांडलं, पट्टा लावला नाही, कोणाला भोवळ आली, तर ड्रायव्हर मागे वळून बघायचा. आता ते काम कुणीतरी करायलाच हवं.

म्हणून बघण्याबद्दल माझी तक्रार नाही, साठवण्याबद्दल आहे. ड्रायव्हरने आरशातून तुम्हाला रडताना पाहिलं, तरी चार भाडी झाली की तो विसरतो. गाडी विसरत नाही.

मी काही वर्षं प्रवासाच्या नोंदी हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम केलं आहे. त्या अनुभवावरून सांगतो, लोक कॅमेऱ्याला घाबरतात आणि खरी गोष्ट नजरेआड राहते. कुठून बसलात, कुठे उतरलात, किती वाजता, ही चार रकान्यांची नीरस नोंद चित्रफितीपेक्षा जास्त बोलते. दर मंगळवारी त्याच दवाखान्यासमोर उतरणारा माणूस कशासाठी जातो हे कळायला त्याचा चेहरा लागत नाही. आणि ही नोंद तुमच्या खात्याला, म्हणजे फोन नंबरला आणि कार्डाला जोडलेली असते. हात दाखवून थांबवलेल्या आणि रोख पैसे दिलेल्या टॅक्सीत हे नव्हतं.

‘पण कंपन्या नावं काढून टाकतात ना?’ काढतात. न्यूयॉर्कमध्येही काढली होती. तिथल्या टॅक्सींच्या 2013 सालच्या सुमारे 17 कोटी फेऱ्यांची माहिती माहिती-अधिकारातून बाहेर आली, तेव्हा परवाना क्रमांकांच्या जागी गणिती सूत्राने बनवलेली अगम्य अक्षरं होती. पण टॅक्सीचे क्रमांक ठरावीक नमुन्यातच असतात. 2014 मध्ये एकाने शक्य तेवढे सगळे क्रमांक त्याच सूत्रातून काढून जुळवले आणि काही तासांत पडदा गळून पडला. मग दुसऱ्याने टॅक्सीत बसणाऱ्या नामवंतांची छायाचित्रं शोधली. त्यांत गाडीचा क्रमांक दिसत होता. कोण कुठे गेलं, किती भाडं झालं, हेही निघालं. यात आतला कॅमेरा कुठेच नव्हता!

पोलिसांचा मुद्दा वेगळा. या गाड्या सतत आजूबाजूचं चित्रण करतात, त्यातून तपासाला धागे मिळू शकतात, असं सॅन फ्रान्सिस्को पोलिसांच्या प्रशिक्षणाच्या कागदांत लिहिलेलं 2022 मध्येच उघड झालं. 2025 मध्ये लॉस एंजेलिस पोलिसांनी धडक देऊन पळालेल्या चालकाला शोधण्यासाठी वेमोच्या गाडीने टिपलेलं दृश्य जाहीर केलं. ते दृश्य गाडीबाहेरचं. तिथे मदत झाली तर चांगलंच. पण फुटपाथवरून जाणाऱ्याने कोणत्याही अटींवर ‘मान्य’ दाबलेलं नसतं, हे मला खटकतं.

आणि माणसं ती माणसंच. टेस्लाच्या कर्मचाऱ्यांनी 2019 ते 2022 दरम्यान ग्राहकांच्या गाड्यांच्या कॅमेऱ्यांतली खासगी दृश्यं आपसांत फिरवल्याचं रॉयटर्सने 2023 मध्ये छापलं. त्या टॅक्सी नव्हत्या, लोकांच्या स्वतःच्या गाड्या होत्या. तरीही अटी वाचताना मी ‘चित्रण किती दिवस ठेवतात आणि कोण बघू शकतं’ हे आधी शोधतो. बाकीची पानं खुशाल सोडा.

मी स्वतः काय करतो? दाराशी गाडी बोलवत नाही, कोपऱ्यावर बोलवतो. ॲपमध्ये ‘घर’ असा पत्ता साठवत नाही. युरोपात असाल तर 2018 पासून लागू असलेल्या जीडीपीआर कायद्याखाली कंपनीकडे आपल्या माहितीची प्रत मागता येते आणि साधारण महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. एकदा मागवून बघा, यादीची लांबी बघूनच बरंच कळतं.

फोनचं म्हणाल, तर अनोळखी माणसांनी भरलेल्या लिफ्टमध्ये जेवढं बोलाल तेवढंच बोला. बँकेचा ओटीपी मोठ्याने वाचू नका. आणि मदतकक्षाशी बोललात, तर तो कॉल खरंच बंद झाला का हे पडद्यावर बघून मगच घरी फोन लावा.